आधी वाचून दाखवा, मग सही घ्या

नोकरी, पाळी, मेमो, सस्पेन्शन: वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

या महिन्यात पत्रं भरपूर आली, त्यातली बरीचशी बेळगाव जिल्ह्यातल्या उद्यमबाग, मच्छे, होनगा आणि निपाणीकडची. एचआरवाल्यांचीही आहेत आणि कामगारांचीही, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी लोकांनी लिहिलंय आणि दोन्ही बाजूंचं दुखणं तेच, समोरच्याचं ऐकून घ्यायच्या आधीच निकाल लागून मोकळा. पाच पत्रं घेतलीत. कुणी ओळखू नये म्हणून नावं काढलीत आणि थोडे तपशील बदललेत, हकिकत तीच आहे.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत एचआरला आहे, एचआर म्हणजे हजेरी, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) सगळं मीच बघतो, दीड वर्ष झालं. ८० च्या आसपास माणसं आहेत. आमच्याकडं एक मोल्डर आहेत, ओतकामाचे साचे बनवतात, मी त्यांना मामा म्हणतो, १४ वर्षं झाली त्यांना, असा हात दुसऱ्या कुणाचा नाही, पण गेले चार महिने सेकंड पाळीला पिऊन यायलेत. गेल्या आठवड्यात मेटल ओतायच्या वेळी तोल गेला, बाजूच्या पोरानं धरलं म्हणून वाचले. मालक म्हणायलेत उद्यापासून येऊ नको म्हणून सांग आणि हिशोब करून टाक. मला तोंड उघडवत नाही मॅडम, मी त्यांच्या घरात जेवलोय. काय करू सांगा की.

उत्तर: पहिलं काम आजच्या आज. पिऊन आलेला माणूस भट्टीजवळ जाता कामा नये, मग तो कितीही जुना असो. वितळलेलं लोखंड १४०० डिग्रीच्या आसपास असतं, ते ओतायची लॅडल, म्हणजे मोठी पळी, कलंडली तर मामा जातील आणि ज्या पोरानं धरलं तोही जाईल. गेटवरच थांबवा, पण त्यांना त्यांच्या गाडीवरून एकट्याला परत पाठवू नका, कुणीतरी सोबत द्या आणि घरच्यांच्या ताब्यात देऊन या. त्या दिवसाच्या रजिस्टरला काय झालं ते लिहा.

मग कागद. "वास आला" एवढ्यावर काही सिद्ध होत नाही, वास औषधाचाही येतो. ज्यांनी पाहिलं त्या दोघांनी, म्हणजे शिफ्ट सुपरवायझर आणि गेटवरचा माणूस, त्याच दिवशी स्वतःच्या हातानं लिहायचं की किती वाजता, कुठं, चालणं कसं होतं, बोलणं कसं होतं. मराठीत लिहिलं तरी चालतंय, कन्नडमध्ये लिहिलं तरी चालतंय, फक्त स्वतःचं लिहा, एकानं लिहून दुसऱ्यानं खाली सही ठोकायची असं नको. मामा तयार असतील तर लगेच डॉक्टरकडं न्या, नाही म्हणाले तर नाही म्हणाले हेही लिहा. आणि ज्या पोरानं त्यांना धरलं त्याचा जबाब घ्यायचा राहिला असेल तर उद्याच घ्या, कारण महिन्याभरानं त्याला तारीख आठवणार नाही, आणि आठवली तरी मामाविरुद्ध बोलायला तो तयार होणार नाही.

आता मालकांचं. "उद्यापासून येऊ नको" हे तोंडी वाक्य आपल्या भागातल्या लहान कारखान्यांना सगळ्यात महागात पडतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. १४ वर्षांचा माणूस लेबर ऑफिसला गेला की तिथं पहिला प्रश्न हाच येतो की त्याचा गुन्हा काय आणि तुम्ही त्याला तो कधी विचारला. तुमच्याकडं एकही कागद नसेल तर पुढं कोर्टात त्याला परत कामावर घ्या आणि मधल्या काळाचा पगार द्या असंही होऊ शकतं. मालकांना हे दयेच्या भाषेत सांगू नका, पैशाच्या भाषेत सांगा, लगेच पटेल.

ते म्हणतील आपल्याला स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे आणि शिस्तीचे कायद्यानं ठरलेले नियम, लागू नाहीत. आकड्यापुरतं खरं असेल. १९४६ च्या जुन्या कायद्यात मूळ आकडा १०० कामगारांचा होता आणि राज्यांना तो खाली आणता येत होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे, आले आणि त्यात हा आकडा ३०० झाला. पण आकडा लागू नाही म्हणून माणसाला न विचारता काढता येतं असं नाही. चार्जशीट म्हणजे आरोपपत्र द्यायचं, त्यात तारीखवार काय घडलं ते लिहायचं, उत्तराला मुदत द्यायची, उत्तर पटलं नाही तर इन्क्वायरी लावायची. इन्क्वायरी करणारा माणूस साक्षीदारही नको आणि तक्रारदारही नको. मामांना सोबत एक सहकारी घेऊ द्या, साक्षीदारांना प्रश्न विचारू द्या, मग रिपोर्ट, आणि रिपोर्टची प्रत त्यांना देऊन शिक्षेबद्दल काय म्हणायचंय ते पुन्हा विचारायचं. हे सगळं दोन-तीन बैठकांत होतं, लोक उगाच घाबरतात. मधल्या काळात सस्पेंड करायचं असेल तर मोठ्या कारखान्यांसाठी कायद्यात पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि कामगारामुळं उशीर झालेला नसला तर पुढं ७५ टक्के असं आहे, तुम्हीही तेच पाळा, अर्धपोटी माणसाला घरी बसवून त्याच्याकडनं उत्तर मागू नये. आणि शेवटी हिशोब करायची वेळ आलीच तर पगाराच्या नव्या कायद्याप्रमाणं, म्हणजे वेज कोडप्रमाणं, दोन कामाच्या दिवसांत सगळे पैसे हातात द्यावे लागतात, "पुढच्या महिन्यात बघू" चालत नाही.

पण मला तुमच्या पत्रातलं एकच वाक्य सारखं खुपतंय, "गेले चार महिने". १४ वर्षं नीट काम केलेला माणूस चार महिन्यांपूर्वी का घसरला हे तुम्ही विचारलंत का? पाळी सुरू व्हायच्या आधी, दुपारी, ते शुद्धीत असताना, केबिनमध्ये नाही तर बाहेर चहाच्या टपरीवर बसून विचारा. मी एका फाउंड्रीत पर्सोनेलला होते तेव्हा अशाच एकाला विचारलं होतं, फेटलिंगला होता तो, तर पोराचं बारावीनंतर काहीच होईना म्हणून रात्री झोप नव्हती आणि झोप येते म्हणून सुरुवात केलेली. दारूचं व्यसन हा आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी हॉस्पिटल आहे, आपल्यापासून फार लांब नाही, आणि फोनवर आधी बोलायचं असेल तर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे. मामांचा ईएसआय भरताय ना? मग तो वापरा. डॉक्टरनी कामाला जाऊ नका म्हणून सर्टिफिकेट दिलं आणि हप्ते नीट भरलेले असले तर ईएसआयमधून आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळतो. कितीतरी एचआरवाले पोरं दर महिन्याला ईएसआय भरतात आणि माणसाला त्यातून काय मिळतं ते कुणाला सांगत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

माझं मत विचाराल तर चार्जशीट द्याच, ती टाळू नका, पण तिच्यासोबत उपचाराचा रस्ताही द्या. त्यांनी लेखी कबूल केलं तर कडक ताकीद आणि उपचार, आणि तोवर गरम मेटलपासून लांब, पॅटर्न स्टोअरला किंवा कोअर शॉपला, त्याच पगारावर. त्यानंतरही पिऊन आले तर इन्क्वायरी शेवटापर्यंत न्या, तिथं मागं हटू नका. आणि तुम्ही त्यांच्या घरात जेवलाय म्हणताय तर इन्क्वायरी ऑफिसर तुम्ही होऊ नका. बाहेरचा एखादा वकील किंवा दुसऱ्या युनिटचा माणूस आणा, म्हणजे तुम्हाला त्यांचा भाचाच राहता येईल.

प्रश्न: ताई, मी निपाणीजवळच्या एका गावचा, कारखान्यात मशीनवर आहे, ९ वर्षं झाली. वडील अंगणात पडले, मांडीचं हाड मोडलं, मी १२ दिवस गेलो नाही. सुपरवायझरला पहिल्याच दिवशी फोन केलता. परत गेलो तर ऑफिसात एक कागद दिला, कन्नड आणि इंग्लिशमध्ये, "सही माडी" म्हटले, मी केली. मला कन्नड बोलता येतंय, वाचता येत नाही. घरी आल्यावर पोरीनं वाचलं, न सांगता गैरहजर राहिला, तीन दिवसांत उत्तर द्या नाहीतर नाव कमी करू असं होतं. तोवर पाच दिवस झालते. आता गेटवर आत घेत नाहीत, तू स्वतःहून काम सोडलास म्हणायलेत. मी कुठं सोडलंय?

उत्तर: तुम्ही सोडलेलं नाही, आणि सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असंही होत नाही, कागद मिळाला एवढाच त्या सहीचा अर्थ. उशीर झाला असला तरी उत्तर आजच लिहा. मराठीत लिहा, सोबत पोरीकडनं कन्नडमध्येही लिहून घ्या. त्यात चारच गोष्टी, वडील कधी पडले, कुठल्या दवाखान्यात नेले, सुपरवायझरला किती तारखेला फोन केला, आणि "हा कागद मला वाचता येत नव्हता, कुणी वाचून दाखवला नाही, मी कामावर यायला तयार आहे." दवाखान्याचे कागद जोडा आणि फोनमधली ती कॉलची नोंद पुसली जायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा. स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपा. आणि रोज पाळीच्या वेळी गेटवर जा. कुणालातरी सोबत घेऊन जा, आत घेतलं नाही की तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा. घरी बसलात तर "बघा, सोडूनच गेला" हे त्यांचं म्हणणं तुम्हीच खरं करून देता.

गैरहजेरी म्हणजे आपोआप राजीनामा असं बऱ्याच कारखान्यांना वाटतं. १९९३ साली सुप्रीम कोर्टात डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज या केसमध्ये नेमकं हेच आलं होतं, कंपनीच्या नियमात आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिला तर काम सोडलं असं धरायचं असं लिहिलेलं होतं, आणि कोर्टानं सांगितलं की नियम काहीही असला तरी माणसाला बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय त्याचं नाव कमी करता येत नाही. कारण रोजगार म्हणजे त्याचं जगणं आहे. या केसचं नाव कागदावर लिहून घ्या आणि लेबर ऑफिसला जाताना सोबत ठेवा. तिथं कन्सिलिएशन म्हणजे दोघांना समोरासमोर बसवून बोलणं होतं, तुम्ही एकटे कामगार असलात तरी काढून टाकल्याची तक्रार करता येते, युनियन पाहिजेच असं नाही. महिने घालवू नका.

तुमचं पत्र वाचून मला माझीच एक चूक आठवली आणि ती इथं सांगितलीच पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट, एका कारखान्यात मी चार्जशीटा टाइप करून वाटायचे. फॉरमॅट इंग्लिश, वरनं आलेला. खानापूरकडचा एक कामगार होता, सँड प्लांटला. गणपतीच्या आधीचा आठवडा होता. मी कागद दिला, सही कर म्हटलं, त्यानं केली, कागदाची नीट चार घडी घातली आणि डब्याच्या पिशवीत ठेवला. त्याच्या बोटांच्या रेघांत काळी माती बसलेली असायची, सहीच्या बाजूला अंगठ्याचा अर्धा ठसा उमटला होता, तो मला अजून दिसतो. शुक्रवारी तो आला, मुदत गुरुवारी संपलेली, आणि मला विचारतो, "बाई, त्या कागदावरचा बोनस कधी मिळतोय?" त्याला तो बोनसचा कागद वाटला होता. मला मराठी येत होतं, त्यालाही मराठी येत होतं, आम्ही दोघं एकाच बोलीत बोलत होतो आणि मी त्याला त्याच्यावरचा आरोप परक्या भाषेत दिला होता. ती चार्जशीट मी मॅनेजरकडं जाऊन परत घ्यायला लावली, पण त्याचा माझ्यावरचा विश्वास गेला तो गेलाच.

एचआरच्या पोरापोरींनी हे नीट ऐका. १९४६ च्या स्टँडिंग ऑर्डर कायद्यातसुद्धा नियम इंग्लिशमध्ये आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, ते ज्या गेटनं आत येतात त्या गेटजवळ बोर्डावर लावायचे असं लिहिलेलं होतं. आपल्या किती कारखान्यांत मराठीतला बोर्ड तुम्ही बघितलाय? इन्क्वायरीचं कामकाज लिहून घेण्यासाठी केंद्राच्या मॉडेल नियमांत हिंदी, इंग्लिश किंवा राज्याची भाषा, यातली कामगाराला हवी ती असं होतं, म्हणजे इकडं कन्नड आली आणि मराठी त्यात बसत नाही. म्हणून ज्याला कन्नड वाचता येत नाही त्यानं पहिल्याच बैठकीत सांगायचं की प्रत्येक प्रश्न मला मराठीत सांगा आणि तसं सांगितलं हे लिहून घ्या, आणि सोबत कन्नड वाचणारा सहकारी बसवायचा. आणि तुम्ही चार्जशीट देताना आधी वाचून दाखवा, मग सही घ्या, आणि खाली एक ओळ लिहा की मराठीत वाचून दाखवलं, समजलं, आणि वाचणाऱ्यानं आपलं नाव घालावं. कन्नड कामगाराला मराठी मॅनेजरनं कागद दिला तरी हाच नियम. पाच मिनिटांचं काम आहे.

प्रश्न: मॅडम, मशीन शॉपला आहे. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात. गेल्या महिन्यात एक जॉब रिजेक्ट झाला तर दोन हजार कापले, विचारलं तर कंपनीचा नियम म्हणतात. १५ हजार पगार आहे.

उत्तर: जितका वेळ कामावर नव्हतात तितक्याच वेळाचा पगार कापता येतो, दहा मिनिटांना अर्धा दिवस नाही. दंड म्हणून कापायचं तर त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, तुमच्या १५ हजाराला ४५० रुपये, आणि तेही कुठल्या चुकीला दंड आहे हे आधी नोटीस लावून सांगितलेलं असलं पाहिजे आणि तुम्हाला कारण विचारलेलं असलं पाहिजे. नुकसानभरपाई म्हणून कापायचं असेल तर ते नुकसान तुमच्या हलगर्जीपणानंच झालं हे दाखवावं लागतं, त्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि खऱ्या नुकसानापेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. टूल घासलेलं होतं का, ड्रॉइंग बदललेलं होतं का, कास्टिंगमध्येच ब्लो होल, म्हणजे हवेची पोकळी, होतं का, हे लेखी विचारा. २० किंवा जास्त कामगार असतील तर नव्या कोडप्रमाणं ग्रीव्हन्स कमिटी, म्हणजे तक्रार समिती, असायला पाहिजे, अर्ज तिथं द्या, एकट्यानं नको, ज्यांचे ज्यांचे कापलेत त्या सगळ्यांनी मिळून द्या.

प्रश्न: नमस्कार, होनग्याला एका युनिटमध्ये प्रॉडक्शन मॅनेजर आहे. २ नोव्हेंबरला कँटीनमध्ये दोघांची जुंपली. एक आमचा मराठी, बेळगावचाच, एक बैलहोंगलकडचा कन्नड. मराठी पोरानं आदल्या दिवशी काळ्या दिनाचं स्टेटस ठेवलं होतं, दुसऱ्यानं राज्योत्सवाचं. शब्दाला शब्द वाढला, कन्नड पोरानं कॉलर धरली, आमच्यानं ताट फेकून मारलं, दुसऱ्याच्या भुवईला दोन टाके पडले. मालकांना दोघांनाही काढायचंय. शॉपमध्ये आता दोन गट झालेत, एकमेकांना टूल देत नाहीत. दोघंही कामाला चांगले आहेत.

उत्तर: हे पत्र मी दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा "आमचा" आणि "आमच्यानं" यावर थांबले. तुम्ही सहज लिहिलंय, माझ्या तोंडातही येतं, इथं वाढलेल्या कुणाच्याही येतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं झाली आणि बेळगाव कन्नड राज्यात गेलं तेव्हापासून हा दिवस इथं एका घरात सणाचा आणि शेजारच्या घरात दुःखाचा आहे, ते दुखणं मला कुणी समजावून सांगायला नको, माझ्या वडिलांनी त्या दिवशी कधी दुकान उघडलं नाही. पण चौकशीच्या कागदावर "आमचा" हा शब्द आला की चौकशी तिथंच संपली. म्हणून हे प्रकरण तुम्ही हाताळू नका, किंवा हाताळलंत तर सोबत एक कन्नड बोलणारा वरिष्ठ बसवा, दोघांच्या सह्यांनी काम चालवा.

स्टेटस बाजूला ठेवा. १ नोव्हेंबर ही कर्नाटकातल्या कारखान्यांना पगारी सुट्टी आहे, सुट्टीच्या दिवशी आपल्या फोनवर कुणी काय ठेवलं ही कारखान्याची शिस्त नाही, जोवर त्यात कुणाला शिवी किंवा धमकी नाही. कारखान्याचा प्रश्न कँटीनपासून सुरू होतो. कॉलर धरली, ताट फेकलं, टाके पडले. चार्जशीटमध्ये एवढंच येऊ दे, हातानं काय केलं ते, आणि तोंडातून नेमके कुठले शब्द गेले ते. भाषा, जात, गाव, झेंडा यातलं एकही अक्षर नको. दोघांना एकाच दिवशी द्या, एकाला मराठीत वाचून, एकाला कन्नडमध्ये. साक्षीदार म्हणून फक्त त्या टेबलावरचे नको, ताट वाढणारी मावशी असते ना, तिला विचारा, ती कुठल्याच गटात नसते आणि तिनं सगळं बघितलेलं असतं.

दोघांनाही काढा म्हणजे समान न्याय झाला असं मालकांना वाटतंय, पण चूक समान आहे का? जखम झाली ती ताटानं, पण आधी अंगावर हात टाकला दुसऱ्यानं. याचा निवाडा व्हायच्या आधी शिक्षा ठरवली तर दोन्ही गटांना पटणार नाही. याआधी दोघांच्या नावावर काही नसेल तर नोकरी घालवण्याइतकं मला हे वाटत नाही, चार-पाच दिवसांचं विनापगार सस्पेन्शन आणि शेवटची ताकीद, ज्याचा दोष जास्त निघेल त्याला जास्त दिवस. टाक्यांचा खर्च आधी कंपनीनं करावा, वाट बघत बसू नये. आणि एकाला नाईटला, एकाला दुसऱ्या युनिटला असं गुपचूप टाकू नका, ती शिक्षाच असते आणि तीही न विचारता दिलेली.

टूल न देण्याचं मात्र लगेच थांबवा. ती त्या दोघांची भानगड नाही, तो कामात अडथळा आहे, आणि त्यासाठी तुम्ही स्वतः उद्या पाळी सुरू होताना शॉप फ्लोअरवर उभं राहून आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत सांगा. आधी कन्नडमध्ये सांगा म्हणते ते मुद्दाम, तुम्ही मराठी आहात म्हणून.

प्रश्न: ताई, मी २४ वर्षांची आहे, टिळकवाडीत एका ऑफिसमध्ये अकाउंटला. आम्ही सातजण आहोत. मॅनेजर रात्री अकरा-साडेअकराला मेसेज करतात. आधी "जेवलीस का" असायचं, मग "साडीत छान दिसतेस", आता "रविवारी आंबोलीला जाऊया, कुणाला सांगू नको". मी उत्तर देणं बंद केल्यापासून सगळ्यांसमोर चुका काढायलेत, पगारवाढही थांबवली. मालक त्यांचे मेव्हणे आहेत. घरी सांगितलं तर बाबा एकच म्हणतील, सोड ते काम. मला काम सोडायचं नाही. माझं काय चुकलं?

उत्तर: तुझं काहीच चुकलं नाही गं. "जेवलीस का" ला तू उत्तर दिलंस म्हणून पुढचं तुझ्यामुळं झालं असं तुझ्या मनात येत असेल, बहुतेक मुलींच्या येतं, ते काढून टाक. हात लावला नाही म्हणजे छळ नाही असंही नाही. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात नको असलेलं तसलं बोलणं, मेसेज, इशारे सगळं येतं, आणि नाही म्हटल्यावर पगारवाढ थांबवणं, कामावर त्रास देणं हे तर त्यात वेगळं सांगितलेलं आहे. हा कायदा आकाशातून पडला नाही, राजस्थानात भंवरीदेवी नावाच्या गावपातळीवर काम करणाऱ्या बाईवर तिच्या कामावरून अत्याचार झाला, त्यातून बायकांच्या संघटना कोर्टात गेल्या, १९९७ ला सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल आला, आणि त्यानंतर १६ वर्षांनी कायदा झाला.

दहा किंवा जास्त माणसं असली की ऑफिसातच अंतर्गत समिती असावी लागते, न नेमल्यास मालकाला ५० हजारांपर्यंत दंड आहे. तुम्ही सातजण, म्हणून तुझी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. मालकाविरुद्धच तक्रार असली तरी तिथंच जाते, म्हणजे मेव्हण्याच्या नात्याचा तुला अडथळा नाही. डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, किंवा महिला आणि बालकल्याण खात्यात जाऊन स्थानिक समितीकडं तक्रार द्यायचीय असं सांग, ऑनलाइन करायची तर केंद्र सरकारचं शी-बॉक्स पोर्टल आहे. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिने, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण तू त्या वाढीव मुदतीवर राहू नकोस. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तुझं नाव बाहेर फोडायला कायद्यानं बंदी आहे. चौकशी चालू असताना त्यांच्या हाताखालून काढा किंवा रजा द्या असं तू लेखी मागू शकतेस, ही रजा तीन महिन्यांपर्यंत मिळू शकते आणि तुझ्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. कुणी मध्ये पडून "मिटवून टाकूया" म्हणालं तर लक्षात ठेव, समझोता फक्त तू मागितलास तरच, आणि पैसे घेऊन तर कायद्यानंच करता येत नाही. पोलिसांत जायचा रस्ताही वेगळा उघडा आहे, आणि तुला तिकडं जायचं असेल तर मालकानं मदत करायची असते.

मेसेज पुसू नकोस, कितीही किळस आली तरी. नंबर, तारीख आणि वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घे आणि मैत्रिणीला पाठवून ठेव, फोन हरवला तरी राहतील. एकदा, एकाच ओळीत लिहून टाक, "ऑफिसच्या कामाशिवाय मला मेसेज करू नका." न लिहिल्यानं तुझी तक्रार कमजोर होत नाही, पण लिहिलंस तर त्यांना "तिला चालत होतं" म्हणायला जागा राहत नाही. चुका काढल्या त्या तारखा, आणि मागच्या दोन वर्षांच्या पगारवाढीचे कागद सोबत ठेव.

आणि बाबांचं. तू एकटीनं सांगू नकोस, आधी आईला किंवा आत्याला सांग, आणि बाबांसमोर बसशील तेव्हा पहिलं वाक्य "मला त्रास होतोय" असं नको, "मी तक्रार करणार आहे, तुम्ही सोबत चला" असं असू दे. बाप घाबरला की काम सोड म्हणतो, त्याला करायला काहीतरी दिलं की तो उठून चप्पल घालतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. तरीही नाहीच म्हणाले तर मैत्रिणीला घेऊन जा. अर्जाच्या दोन प्रती ने, एकीवर तारखेसह पोचीचा शिक्का घे, आणि ती प्रत ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नको, घरी ठेव.